फाळक्याची फट

ये वं पोरी, जवळ ये. तू पुण्यात अन् मी इकडे नंदनवन वस्तीत, हे मला समजतं, तरी ये म्हणते. कान इकडे कर, आधी रागावून घेते.

रामदासपेठेतल्या त्या साखरपुड्यात तुझ्या कानावर आलं की मावशीचा पोरगा गाडीतून चोरीचा कोळसा वाहतो. तू तिथं काकूला विचारलं, मामीला विचारलं, घरी जाऊन तुझ्या आईलाही विचारलं. अन् मी? मी त्याच हॉलमध्ये, तुझ्या मागच्या रांगेत मठ्ठा पीत बसली होती. उठून माझ्याजवळ आली असती तर पायाला फोड आला असता का? बहिणीची लेक म्हणजे आपलीच लेक, असं मी जन्मभर म्हणत आली, अन् तू मला सोडून साऱ्या गावाला विचारत फिरते.

झालं रागावून. आता सगळं सांगते. अन् एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, माझा राग आहे तो तू मला विचारलं नाही याचा. शंका घेतली याचा नाही. शंका तर मी तुझ्या कितीतरी आधी घेतली होती, माझ्याच घरात, माझ्याच पोरावर.

तुझ्या दादाचं, म्हणजे माझ्या पोराचं, काम तुला वरवर माहीत असेल. आपण मूळचे विणकर. माझ्या सासऱ्यांचा माग माझ्या लग्नानंतरही बरीच वर्षं चालला. मी स्वतः सुताला भाताची पेज पाजली आहे, कांड्या भरल्या आहेत. मग माग गेला, पण सूत काही घरातून गेलं नाही. दादानं जुनी पिकअप घेतली तीही सुताच्याच कामासाठी. इथल्या एका शेठच्या गोदामातून कोरं सूत उचलायचं, कन्हानच्या पलीकडे एका गावात अजून माग चालतात तिथं पोचवायचं, अन् विणून झालेले पांढरे पंचे परत शेठकडे आणायचे. सगळा माल पांढरा. अशा मालाची एकच अट असते, पांढरा निघाला तसा पांढरा पोचला पाहिजे.

मागच्या हिवाळ्याच्या शेवटी शेठचा पहिला फोन आला. गठ्ठ्यावर काळी झाक आहे म्हणाला. दुसऱ्यांदा आला तेव्हा आवाज चढला होता. त्यानंतर फोन आलाच नाही. शेठनं दादाला गोदामातच समोर उभं केलं अन् सगळ्या हमालांच्या देखत विचारलं, "क्यों भाऊ, माझ्या मालाच्या गाडीत कोळसा वाहून राहिला का तू? पुन्हा असा गठ्ठा आला तर मी दुसरी गाडी लावतो."

त्या दिवशी दादा जेवला नाही. सुनेनं मला स्वयंपाकघरात हळूच सगळं सांगितलं, तेव्हा मी बाहेर येऊन त्याला विचारलं, "काय झालं गा?"

"धूळ हाये आई. कन्हानकडे कोळशाचे ट्रक चालतात, रस्ता पुरा काळा होऊन राहिला. ते धूळ फाळक्याच्या फटीतून आत येते."

फाळका म्हणजे पिकअपच्या मागचं ते खाली पाडायचं दार, ज्यावरून माल चढवतात. तो बंद केला तरी दोन्ही बाजूंनी अन् खालून बोट जाईल एवढी फट राहते. वरून ताडपत्री बांधतात, पण त्या फटीला कोणी काही लावत नाही. विटा अन् रेती वाहणाऱ्याला तिचा काय त्रास?

मी ऐकून घेतलं, पण मला पटलं नाही. गाडी जाते पुढे. हवा लागते तोंडावर. मग मागच्या फटीतून धूळ आत कशी शिरणार? मागून तर ती निघून जायला पाहिजे. मी म्हटलं, "बाबू, धूळ काय तुह्या गाडीच्या मागं धावून राहिली का?"

"हो," तो म्हणाला. "धावूनच राहिली."

आता तूच सांग, यावर कोण विश्वास ठेवेल?

शंका आली की माणूस घरच्याच माणसाला खिडकीतून पाहायला लागतो. मी लागली. पूर्वी चार वाजता येणारा पोरगा दिवे लागायच्या वेळी यायला लागला होता. रस्ता तोच, माल तोच, मग वेळ कुठं जातो? नखं काळी. गाडी धुवायचा तर नालीत काळं पाणी वाहायचं, अन् ते तो स्वतः झाडूनं पुढं लोटून द्यायचा, कोणी पाहायच्या आत. मी एकदा म्हटलं, मला ने सोबत, त्या विणकरांच्या बायकांना भेटून येते. तर म्हणाला, "नको आई, ऊन लय हाये." त्या दिवशी आभाळ भरून आलं होतं वं! छत्री घेऊन निघाली होती मी.

कन्हानकडे खाणी आहेत. तिकडे मोठ्या ट्रकमधला कोळसा लहान गाडीत उतरतो अन् भट्ट्यांवर जातो, असं मी लोकांकडून ऐकलं होतं. मनात आलं, पांढऱ्या सुताच्या गाडीला कोण अडवणार? कोण ताडपत्री उचलून पाहणार?

सून म्हणाली, "आई, तुम्ही त्याईले सरळ विचारून काहून नाई टाकत?"

"सरळ विचारलं म्हणजे सरळ उत्तर येते का?" मी म्हटलं. ती चूप बसली. मला वाटलं, हिलाही काही माहीत आहे. बघ, शंका अशी असते. चूप बसलेल्यावरही येते.

मग मी एक युक्ती केली. फटच बुजवून टाकायची. फट बुजली अन् तरी माल काळा आला, तर काळं फटीतून येत नव्हतं हे सिद्ध. पोरगा आपोआप पकडला जाईल, मला तोंडानं विचारायचीही गरज नाही.

माळ्यावर दशांचं गाठोडं होतं. मागावरून कापड उतरवलं की ताण्याची जी टोकं उरतात, त्या दशा. विणकराच्या घरात त्या कोणी फेकत नाही. मी त्या पिळून अंगठ्याएवढा जाड वळ केला, वरून जुन्या धोतराचं कापड शिवलं. पण तो मऊ पडला, फटीत ठरेना. मग मी काय केलं असेल? विणकराच्या घरची सून दुसरं काय करणार, आमच्याकडे जे मऊ पडतं त्याला पेज पाजतात. घट्ट भाताची पेज केली, वळ त्यात बुडवला, गच्चीवर वाळवला. असा कडक झाला की काठी म्हणावी. दादानं तो हातात घेतला, वास घेतला अन् म्हणाला, "आई, हे गाडी हाये, माग नाई."

"बस चूप, अन् लाव."

त्यानं लावला. मी स्वतः बोटानं सगळीकडे दाबून पाहिला. संध्याकाळी गाडी आली तर वळ गायब. एका कोपऱ्यात चार दोरे लोंबत होते फक्त.

"कुठं गेला वळ?"

"गाईनं खाल्ला."

"काय?"

"कन्हानले चहा प्यायले थांबलो. एक लाल गाय आली अन् ओढून खाऊन गेली. मी पाह्यलं तवा अर्धा तिच्या तोंडात होता."

सून पदर तोंडात धरून आत पळाली. मी नाही हसली. म्हटलं, "बाबू, शाळेत होता तवा तुही वही शेळीनं खाल्ली होती. मोठा झाला तं आता गाय आली का?"

तो हात धुवायला गेला. अन् माझी तर खात्रीच झाली. वळ यानंच काढून फेकला. तो फटीत राहिला असता अन् माल काळा आला असता, तर याला बोलायला जागा उरली नसती. मी मनात म्हटलं, ठीक आहे, आता गाय खाणार नाही असं काहीतरी लावते.

दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन गाडीच्या सामानाच्या बाजारात गेली. दुकानदारानं एक काळी रबराची पट्टी काढून दाखवली, आतून पोकळ, पाठीला गोंद. दरवाज्यांना लावतात तीच, बीडिंग म्हणतात तिला. मी दाबून पाहिली, ओढून पाहिली, हुंगून पाहिली.

"हे धूळ अडवते का?"

"माँजी, पानी भी रोकेगी, धूल क्या चीज है."

"तुम्ही पाह्यलं का अडवताना?"

त्यानं दादाकडे पाहिलं. "कौन है ये?"

"आई हाये माही."

"अच्छा," तो म्हणाला, "फिर तो दिखाना पड़ेगा." अन् त्यानं पट्टीचा एक तुकडा गल्ल्याच्या खणाच्या कडेला दाबून बसवला, खण लावला, अन् मला म्हणाला आता यातून काही घालून दाखवा. मी पिशवीतलं बसचं तिकीट काढलं. खूप प्रयत्न केला. तिकीट दुमडलं, पण आत गेलं नाही. तरी मी त्याला म्हटलं, तुमचा खण काही कन्हानच्या रस्त्यावर उड्या मारत नाही. तो हसला अन् मला चहा पाजला. चहा पाजणाऱ्या दुकानदारावर तर माझा मुळीच विश्वास नाही, पण पट्टी घेतली.

सुट्टीच्या दिवशी घरासमोरच कामाला बसलो. फाळका जिथं टेकतो ती लोखंडाची कड साबणानं धुतली, मग थिनरच्या फडक्यानं पुसली, उन्हात सुकू दिली. थोडी जरी चिकटाई राहिली तर गोंद धरत नाही. मग दादा वरच्या डाव्या टोकापासून पट्टी चिकटवत खाली निघाला. ओढून ओढून लावत होता, पट्टी पुरावी म्हणून.

"ताणू नको," मी म्हटलं. "ताणलेलं मागं सरकते."

"रबर हाये आई, सूत नोहे."

"रबर तं अजून सरकते."

त्यानं ऐकलं नाही. कोपऱ्यात तो पट्टी कापणार होता, तर मी त्याचा हात धरला अन् ती वळवून घ्यायला लावली. एवढं ऐकलं. फाळका बंद करायला गेला तर बंद होईना. खाली बिजागरीजवळ रबर जाड पडत होतं. मग मी पाठ लावली, त्यानं खांदा लावला, सुनेनं कडी ओढली, तेव्हा कुठं खट्ट करून बसला. समोरच्या ओट्यावरच्या बाया पाहत होत्या. एकीनं विचारलं, "काय वं, गाडीत काय कोंडून राहिल्या?" मी म्हटलं, "तुह्या चौकश्या."

मग मी म्हटलं, "उघड परत. मी आत बसते. वरून ताडपत्री टाक अन् फाळका लाव. जिथून उजेड येईल तिथून धूळ येईल."

दुपारचं ऊन अगदी डोक्यावर. आत अंधार अन् खालचं लोखंड चटई टाकूनही पोळत होतं. मी डोळे सरावू दिले. बाजूंनी काळोख, वर काळोख. फक्त खालच्या दोन कोपऱ्यांत, जिथं त्यानं ताणलं होतं तिथंच, उजेडाची बारीक रेघ.

"डाव्या कोपऱ्यात उजेड येऊन राहिला," मी आतून म्हटलं.

"किती?"

"सुताएवढा. उजव्यातही हाये."

तो बाहेरून बोटानं दाबत होता, पट्टीचा लहान तुकडा बसवत होता, मला विचारत होता, आता? आता? उजवी रेघ गेली. डावी बारीक झाली, पण गेली नाही. अन् त्या अंधारात, त्याचं तोंड मला दिसत नव्हतं अन् माझं त्याला, माझ्या तोंडून निघालंच.

"बाबू."

"हं."

"कोळसा वाहतो का तू?"

बाहेरची खुडबूड थांबली. शेजारच्या कुकरची शिट्टी झाली, भाजीवाला ओरडत गल्लीच्या टोकाला गेला. मला वाटलं हा निघूनच गेला, अन् मी आत कोंडलेली.

"म्हणून आत बसली का तू?" तो म्हणाला.

"नाई. उजेड पाहाले बसली. पण विचारून राहिली."

 मग कडी वाजली, फाळका खाली आला, ऊन एकदम डोळ्यांत घुसलं. तो माझ्याकडे न पाहता म्हणाला, "उद्या चाल सोबत."

"उद्या ऊन नाई का?"

"हाये. तरी चाल."

गेली मी. समोर त्याच्या शेजारी बसली, पदर कमरेला खोचून. कामठी गेली, कन्हान जवळ आलं, अन् कोळशाचे ट्रक सुरू झाले. रस्त्याच्या कडेची झुडपंसुद्धा काळी. तो म्हणाला, "आरशात पाह्य." मी बाजूच्या आरशात पाहिलं. खरं सांगते पोरी, आपल्या चाकांनी उडवलेली धूळ मागं राहत नव्हती. गोल फिरत होती, वर उठत होती अन् वळून वळून फाळक्यालाच येऊन धडकत होती.

"गाडी हवा फाडत जाते," तो म्हणाला, "मागं जागा रिकामी होते. धूळ तिथं घुसते."

मी म्हटलं, "हं." धूळ धावते हे दिसलं. पण धूळ धावते म्हणून कोळसा नाही, असं थोडंच आहे?

चहाच्या टपरीवर थांबलो. मी अजून उतरते आहे तोच एक लाल गाय आली, सरळ गाडीच्या मागं गेली, फाळक्याला नाक लावलं, रबर चाटलं, तोंड वाकडं केलं. टपरीवाला ओरडला, "काय भाऊ, आज आणली नाई का इची रस्सी? त्या दिवशी सारी खाऊन गेली होती." दादा बशीत चहा ओतून माझ्याकडे पाहत पाहत पिऊन राहिला. मी गाईकडे पाहिलं. तिची काय चूक? भाताची पेज प्यायलेलं सूत, तिच्यासाठी तो चाराच.

गावात सूत उतरवलं, पंचे चढवले. प्रत्येक गठ्ठा मी उलटून पाहिला. एक विणकरीण हसून म्हणाली, "काय पाहून राहिल्या आई, लेकीच्या सासरचा अहेर हाये का?" कोऱ्या पंच्यात पेज असते, धूळ बसली की धरून ठेवते, म्हणून मला निघताना त्याचा रंग पक्का पाहून घ्यायचा होता. पांढरा होता. फाळका बंद झाला तोही मी पाहिला.

येताना कन्हानचा पूल ओलांडल्यावर दादानं गाडी रस्त्याच्या खाली घेतली. थोडं आत बाभळीची झाडं होती, तिथं थांबवली. आजूबाजूला माणूस नाही. मला वाटलं, हीच ती जागा. इथंच भरतात.

"इथं काहून थांबला?"

तो उतरला, मागं गेला, फाळका पाडला. अन् तिथंच कमरेवर हात ठेवून उभा राहिला, मग हसायला लागला.

"काय झालं?"

"सवयीनं थांबलो आई."

मग त्यानं सांगितलं. प्रत्येक फेरीत तो इथं थांबायचा. मागचे गठ्ठे उतरवायचे, गाठी सोडायच्या, एकेक पंचा झटकायचा, हातानं थापटायचा, तशीच घडी घालून परत बांधायचा. म्हणून उशीर, म्हणून नखं काळी. शेठला सांगता येत नव्हतं, बांधलेला माल रस्त्यात सोडला म्हटलं तर चोरीचाच आळ यायचा. अन् मला सोबत नेलं असतं तर मी हे दहा घरी सांगितलं असतं, असं तो म्हणाला. खोटं नाही म्हणणार.

तरी मी उतरून पाहिलं. खाली जमिनीवर कोळशाचा खडा नव्हता. बाभळीच्या काट्यांवर पांढरे तंतू अडकले होते, खालच्या फांदीवर पुष्कळ, जुने, मळकट. मी एक ओढून काढला, बोटांत पिळून पाहिला. पंच्याचंच सूत. ते मला कोणी शिकवायला नको.

त्या दिवशी झटकायला काहीच नव्हतं. गठ्ठे पांढरे. फक्त डाव्या कोपऱ्यातल्या एका गठ्ठ्याच्या कडेला फिकट करडी रेघ.

"ताणू नको म्हटलं होतं," मी म्हटलं.

"म्हटलं होतं," तो म्हणाला.

तो गठ्ठा झटकून घेतला अन् शेठच्या गोदामात गेलो. शेठनं एकेक गठ्ठा उघडला, अंगठ्यानं घासून पाहिला, उजेडात धरला. माल साफ. मग दादाच्या खांद्यावर हात ठेवला अन् कसं गोड हसून म्हणाला, "चला, सोडलं ना ते काम? फरक दिसतो बघ."

माझं डोकं फिरलं. "शेठजी, काय सोडलं?"

"माँजी, समजतो मी. जवान पोरगा हाये. आता सोडलं ना, मग झालं."

मी शेठला ओढत गाडीजवळ नेलं, रबर दाखवलं, फाळका लावून दाखवला, धूळ कशी मागून येते ते हातानं गोल फिरवून सांगितलं. त्यानं बोटानं रबर दाबलं, "अच्छी चीज है" म्हणाला, अन् तेच हसला. मी जितकी बोलली तितकी त्याची खात्री वाढत गेली. हमालही हसून राहिले. काळा माल आणला तर चोर, पांढरा आणला तर सुधारलेला चोर. शेवटी दादानं मला हाताला धरून गाडीत बसवलं.

काम राहिलं वं, काम गेलं नाही. पण नाव गेलं. शेठनं ते कोणाला कौतुकानं सांगितलं, त्यानं आणखी कोणाला, अन् फिरत फिरत ते रामदासपेठेत तुझ्या ताटाजवळ आलं.

परत येताना दादानं गाडी घराच्या रस्त्याला लावली. मग म्हणाला, "शेठचं जाऊ दे. तुले तरी पटलं ना?"

मी म्हटलं, "डावा कोपरा न ताणता परत बसव, मग सांगते." तो इतका हसला की गाडी बाजूला घ्यावी लागली.

बसवला त्यानं. मी परत आत बसून पाहिलं, रेघ गेली. मला पटलं. पण माझ्या पटण्यानं काय होते? मी त्याची आई. मी बोलली की लोक मान हलवतात अन् डोळ्यांनी एकमेकांना खुणा करतात. तू बोलली तर ऐकतील, तू बाहेर राहते, शिकलेली आहे, अन् तूही शंका घेतली होती. म्हणून म्हणते, दिवाळीची वाट नको पाहू. ये लवकर. तुझा तो पांढरा कुर्ता आहे ना, तो घालून ये. तुला मागं ताडपत्रीखाली बसवतो, कन्हानपर्यंत जाऊन येऊ, अन् तसाच पांढरा राहिलेला कुर्ता घालून तू मामीकडं चहाला जा. पण आधी माझ्याकडं ये.